उन्हातला वाडगा आटेना

आमचे मुख्याध्यापक आणि मी, आमचं एकमेकांशी कधी पटलं नाही, आणि पटावं म्हणून मी जिवाचा आटापिटाही केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही दोघं एका बशीत चहा पिताना दिसू, अशी आशा कुणी धरू नये.

मी मूळची माधवनगरची. आमच्याकडं पाणी कमी पडेल याच्यापेक्षा ते घरात शिरेल याची धास्ती जास्त. लग्न होऊन वडूजला आले आणि वडूजच्या पुढच्या एका गावातली शाळा वाट्याला आली. मार्च उजाडला की तिथं टँकरची वाट बघणं सुरू होतं. विज्ञान माझ्याकडं आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. आणि विज्ञानाबरोबर आली ती टोकाची खोली. बाहेरच्या पाटीवर ‘प्रयोगशाळा’ लिहिलेलं, आत कोरडा नळ, एक गंजलेलं कपाट आणि उंदरांच्या लेंड्या. मी आणि सहावीच्या पोरांनी ती खोली घासली, कपाटाला रंग दिला, घराघरांतून बाटल्या, चाळण्या, जुने तवे गोळा केले. महिनाभरात ती खोली खोलीसारखी दिसायला लागली, आणि नेमकी तेव्हाच ती मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत भरली. पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवायला त्यांना तीच हवी होती.

माणूस गावचाच. तीस-एक वर्षं नोकरी झालेली, आवाज असा की मैदानावरून हाक मारली तर एसटी थांबावी. रोज सगळ्यांच्या आधी शाळेत हजर, किल्ल्या त्यांच्याच कनवटीला. काम चोख करायचे, हे मला मान्य करावंच लागतं आणि ते करताना माझ्या जिवावर येतं. पण प्रयोग म्हटलं की त्यांचं तोंड कारल्यासारखं व्हायचं. शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही आलेला होता. त्यांचं म्हणणं, बाष्पीभवनाचा व्हिडिओ लावा, चार मिनिटांत समुद्र, ढग, पाऊस सगळं उरकतं. पोरांना व्याख्या पाठ झाल्याशी कारण.

व्याख्या पोरांना पाठच होती. द्रवाचं वायूत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन, असं वर्ग एका सुरात आरतीसारखं म्हणायचा. मी विचारलं, की धुतलेली चादर दोरीवर वाळते तेव्हा त्यातलं पाणी कुठं जातं? एक पोरगा म्हणाला, खाली गळतं. दुसरा म्हणाला, दोरी पिते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरांवर नाही, त्या टीव्हीवर.

मग मी एकेक सुरू केलं. वडूजहून थर्मासमधून बर्फ आणला, पोरांनी तो हातात धरून वितळवला आणि निम्मा खाल्ला. मेणबत्ती वितळवली, परत घट्ट होऊ दिली. ताटलीत कापूर गरम केला, वर थंड झाकणाला पांढरी बुकटी धरली, पाणी न होताच. पोरं येडी झाली होती. त्यावर मुख्याध्यापक दारात उभं राहून नाक उडवत म्हणाले, ही शाळा आहे का देऊळ, तेवढं कळू द्या. मी म्हटलं, देवळात निदान कुणी तांदळाची पोती रचत नाही. स्टाफरूममध्ये त्या दिवशी सगळ्यांनी खाली मान घालून डबा खाल्ला.

मग पंचायत समितीतून निरोप आला, की विस्तार अधिकारी भेटीला येणार. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर अट घातली. साहेबांपुढं माझा एक प्रयोग धड करून दाखवायचा. नाही जमला, तर दुसऱ्या दिवसापासून खोलीत पोती. मी म्हटलं, कबूल. कबूल न म्हणायला काय झालं? पाणी आटवून दाखवायचं होतं, आणि ते आमच्या खटाव तालुक्यातल्या उन्हात. त्याहून सोपं काय असणार?

पोषण आहाराचे दोन सारखे स्टीलचे वाडगे घेतले. दोन्हीत सारखं पाणी, आतल्या बाजूला मार्करची रेघ. एक खोलीत कोपऱ्यातल्या सावलीला, दुसरा पटांगणाच्या बाजूच्या कठड्यावर, टळटळीत उन्हात. पोरांना सांगितलं, कुणी हात लावायचा नाही, रोज फक्त बघायचं. उन्हातलं आधी खाली जाईल. पोरांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सावलीतलं पाणी रेघेखाली थोडं उतरलेलं. उन्हातलं रेघेवर. मी म्हटलं, भरताना चूक झाली असेल. परत रेघेपर्यंत सारखं केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हातलं रेघेच्याही वर. एका पोरीनं भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, बाई, उन्हात पाणी फुगतं का? मी तिच्यावर खेकसले. सगळ्या वर्गाला उभं केलं, विचारलं, कुणी हात लावला? एकानंही नाही. शपथा घेतल्या, गळ्याला चिमटे घेतले. आणि डोळे खरे दिसत होते, हेच तर मला सोसेना.

मग माझा संशय जिथं जायचा तिथंच गेला. किल्ल्या कुणाकडं? सगळ्यांच्या आधी कोण येतं? खोली कुणाला पाहिजे? पहिल्या एसटीनं गेले, तरी हा माणूस माझ्याआधी व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला, आणि वाडगा तुडुंब. तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ विचारलं, माझ्या प्रयोगात तुम्ही पाणी ओतता का?

त्यांनी पेपर खाली केला. “बाई, तुमच्या प्रयोगाकडं बघायलासुदिक मला येळ न्हाई.”

मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. दिवसभर खिडकीतून कठड्यावर नजर ठेवायचं ठरवलं, पण माझे तास होते, पलीकडच्या वर्गात. वाडगा उचलून खोलीत कुलपात ठेवला तर ऊन कुठनं आणू? शेवटी आहे तिथंच ठेवला आणि साहेब येण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही परत रेघेला लावले. रात्री झोप लागली नाही. खोली गेली तर पोरांना काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

साहेब आले ते भर दुपारी. रुमालानं मान पुसत पुसत त्यांनी पट बघितला, टीव्ही बघितला. मग सगळी वरात प्रयोगाकडं. आधी सावलीतला वाडगा, पाणी उतरलेलं. मग कठड्यावरचा. पाणी रेघेच्या वर, कडेला टेकायला आलेलं. सहावीची पोरं रांगेत उभी. मुख्याध्यापकांना तर सण झाला.

“साहेब, आमच्या बाईंच्या विज्ञानात उन्हानं पाणी वाढतंय बघा. तळं बांधायला नको आता.”

साहेब हसले. बाकीचे शिक्षक हसावं का नको या बेतात. माझे कान तापले. त्यात त्यांनी टीव्हीचं पुराण लावलं, की एका व्हिडिओत सगळं येतं, प्रयोगात पोरांचा वेळ जातो, खोली अडते. एवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी तांब्या-पेला घेऊन आल्या. साहेब प्याले. मग मुख्याध्यापकांनी पेला भरून घेतला, दोन घोट घेतले, आणि बोलता बोलता, साहेबांकडंच बघत, हात लांब करून उरलेलं पाणी कठड्यावरच्या वाडग्यात ओतलं. दारात चप्पल काढावी तसं, सवयीनं. बोलणं थांबलंसुद्धा नाही.

रांगेच्या टोकाचा एक पोरगा फस्सकन हसला. साहेबांनी पेल्याकडं बघितलं, मग वाडग्याकडं.

मी विचारलं, “सर, पेल्यातलं पाणी कुठं गेलं?”

“पाखरास्नी घातलं,” ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना काय झालं ते कळलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण रिकामा पेला त्यांनी हळूच मावशींच्या हातात दिला.

मग सगळंच बाहेर आलं. त्या दुपारपर्यंत त्यांना वाटत होतं माझा प्रयोग खोलीत आहे. कठड्यावर उन्हात पाण्याचं भांडं म्हणजे पाखरांचं, त्यात विचारायचं काय? ह्या गावात पेल्यात उरलेलं पाणी कुणी जमिनीवर ओतत नाही. ते रोज सकाळी आल्याबरोबर भरत होते. मावशी भांडी घासायच्या आधी भरत होत्या. पहिली-दुसरीची पोरं बाटलीतलं उरलेलं घालत होती. आणि माझी सहावी हे सगळं रोज बघत होती. मी त्यांच्यावर ओरडले, की मग मला सांगितलं का नाही? ती पाणी फुगतं म्हणणारी पोरगी म्हणाली, “आमी हात न्हाई लावला बाई. पर पाणी घालणाऱ्याला नको कसं म्हणायचं?”

साहेबांनी जाताना सांगितलं, की बाईंची खोली बाईंकडंच राहू द्या, पोत्यांचं दुसरीकडं बघा. मुख्याध्यापक हो म्हणाले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे थांबले. समोरच्या खुर्चीत बसून सूचना ग्रुपवर टाकायचे, आणि मीही समोर बसून अंगठा टाकायचे. कठड्यावर त्यांनी शेजारी एक मातीचा पसरट परळ आणून ठेवला आणि खडूनं भिंतीवर लिहिलं, ‘पाखरांचा’. माझ्या वाडग्याखाली लिहिलं, ‘बाईंचा’. अक्षर सुंदर होतं, ते बघून तर मला आणखीच संताप यायचा.

मात्र त्या खडूचा उपयोग झाला. कुणी थेंब टाकला नाही. प्रयोग नव्यानं लावला, आणि उन्हातलं पाणी जसं उतरायला पाहिजे तसं उतरलं. शेवटच्या दिवशी आख्खी सहावी कठड्याभोवती गोळा केली. तळाला पातळ ओल होती, ती आमच्या डोळ्यांदेखत कडेनं आत सरकत गेली आणि संपली. मागं बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार राहिला. मी विचारलं, पाणी कुठं गेलं? कुणी गळालं म्हटलं नाही, कुणी दोरीचं नाव काढलं नाही. हवेत गेलं बाई, वाफ होऊन, दिसत नाही पण हाय. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, आता हा क्षार नीट बघा, पाणी गेलं पण हा का गेला नाही ते—

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या ‘फुगतं’वाल्या पोरीनं आपली बाटली वाडग्यात उपडी केली. क्षार गेला, रेघ बुडाली.

मी ओरडले, हे काय केलंस?

“आटलं ते बघितलं की बाई,” ती म्हणाली. “आता कोरडं कशापायी ठेवायचं?”

तिच्या मागं बाकीची पोरं बाटल्यांची झाकणं फिरवत उभी. आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपरमागं कुणीतरी हसलं. कितीतरी दिवसांनी त्या माणसाचा आवाज माझ्या कानावर पडला, आणि तो हा असा. मी रागानं तशीच खोलीत गेले आणि माझं स्वतःचं कपाट धाडकन लावलं.