खंडेरावचा अर्धा टँकर

खंडेराव निफाडकडचा. उंचीने बेताचा, आवाज मात्र हायवेचा. आमच्या कॉलनीत पाण्याचा टँकर घेऊन येण्याआधी त्याची उमेदीची सगळी वर्षं लासलगावचा कांदा मुंबईला पोचवण्यात गेली होती, आणि हे तो न विचारता सांगत असे.

"कसारा घाट मी डोळे मिटून उतरतो, मावशी."

"म्हणूनच मी तुझ्या गाडीपुढून जात नाही," मी म्हणायची.

त्यावर तो खूश होऊन हसायचा. टोमणा कळला तरी लागायचा नाही, अशी त्याची कातडी. कांदा त्याने सोडला तो बायकोच्या, साळूबाईच्या हुकमावरून. "घरात नवरा पायजे, पाव्हणा नको," असं तिने बजावलं. मग धनराज नावाच्या एका पाणीवाल्याच्या टँकरवर तो लागला. हा २००३चा उन्हाळा. नळाला पाणी येत होतं, पण ते नुसता नळ ओला करण्यापुरतं.

आमच्या सोसायटीचं आणि खालच्या सोसायटीचं डोकं किती लहान आहे, ते त्याच उन्हाळ्यात कळलं. मधे एक लांब उतार, उताराच्या पायथ्याशी चौक, चौकात नवा सिग्नल आणि चौकापलीकडे ती खालची सोसायटी. टँकर वरून, मळ्यातल्या विहिरीवरून यायचा. एक टँकर दोघांत, निम्मा निम्मा. इथपर्यंत ठीक. पण आधी कोणाला, यावरून भांडण पेटलं. खालच्या सोसायटीच्या सेक्रेटरी उज्वलाताई, एम.ए. झालेल्या बाई, भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "रोज तुमचं उष्टं पाणी आम्ही का घ्यायचं?"

उष्टं पाणी! टँकरला कोणी तोंड लावलं होतं का? पण आमचे चेअरमन दिनेश देवरे याहून शहाणे. ते म्हणाले, "मग आम्ही तरी तुमचं उष्टं का घ्यावं?" शेवटी पाळी ठरली. एक दिवस आधी वरच्यांना, दुसऱ्या दिवशी आधी खालच्यांना. या अकलेबद्दल दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं अभिनंदन करून पेढे खाल्ले. मी खाल्ला नाही.

थोड्याच दिवसांत चौकातून तक्रार आली. खंडेराव सिग्नलला थांबत नाही. म्हणजे थांबतो, पण पांढऱ्या पट्टीच्या पुढे, पायी चालणाऱ्यांच्या अंगावर. एकदा एका स्कूटरवाल्याच्या डिकीला बंपर टेकला. चौकातला हवालदार संतोष तसा भला माणूस, पण त्यालाही मर्यादा होती. त्याने खंडेरावला सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, आता पुन्हा चाक पट्टीवर दिसलं तर लायसन जमा. मग घरी बसा."

घरी बसा! त्या वयात, लायसनशिवाय, खंडेरावला कांद्यावर कोणी घेणार नव्हतं आणि पाण्यावरही नाही. त्या दिवशी आमच्या गेटपाशी त्याने पहिल्यांदाच घाटाचं नाव काढलं नाही.

गंमत अशी की तक्रार एक दिवसाआड येत असे. त्यावरून देवऱ्यांनी शोध लावला. "एक दिवसाआड पीत असणार तो," ते म्हणाले. सगळ्या जिन्यात ते पसरलं. माणूस दिवसाआड दारू पितो, हे या शिकलेल्या लोकांना पटलं. पण दिवसाआड आपली पाळी बदलते, हे कोणाच्या लक्षात येईना.

आधी मी सिग्नल बसवणाऱ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, हिरव्याचा लाल होताना मधला पिवळा दिवा डोळा मिटायच्या आत जातो. स्कूटरला ते ठीक आहे. भरधाव जड गाडी तेवढ्यात थांबणार कशी?

"मॅडम, पिवळा सगळ्या चौकांत सारखाच असतो."

"उतारावरही?"

"उतार आमच्या खात्याकडे येत नाही."

मी उठले. अशा माणसापुढे बसून आपलंच वय वाढतं.

मग मी एक दिवस पदर खोचून सरळ टँकरच्या केबिनमध्ये चढले. जिन्यातल्या बायका गॅलरीत आल्या. येऊ देत. आमची पाळी पहिली होती, निम्मं पाणी आमच्या टाकीत पडलं होतं, आणि खंडेराव निम्मं घेऊन उताराला लागला. भरला टँकर तो नव्या सुनेसारखा जपून न्यायचा, ते मी पाहिलेलं. आज मात्र त्याने गाडी अशी सोडली की माझा चष्मा नाकावरून घसरला.

"अरे, हळू!"

"अर्धी हाय, मावशी. अर्धी गाडी म्हंजे सायकल. कुठंबी थांबती."

खाली पिवळा लागला. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, अगदी पट्टीच्या अलीकडे. मी श्वास सोडते न सोडते तोच मागून धडाम्‌ करून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं आणि आम्ही पट्टीवर. मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. होतं ते पाणी. निम्म्या टाकीत मोकळी जागा मिळालेली, तिथून धावत येऊन पुढच्या पत्र्यावर आदळलेलं. चांगल्या टँकरच्या आत पाणी अडवायला आडवे पत्रे असतात म्हणे. धनराजचा टँकर म्हणजे चाकांवरचं पिंप.

नशिबाने संतोष तेव्हा एका रिक्षावाल्याशी भांडत होता.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "पाण्याने ढकललं तुला."

"पानी काय ढकलतंय! ब्रेक जरा वला झाला आसंल."

"कांदा बसल्या जागी बसतो रे. हे बसत नाही. अर्धं असलं की जास्त धावतं."

"मावशी, मी घाट उतरलेला मानूस हाय."

उतर बाबा. गर्वाला आडवे पत्रे कोण घालणार!

मी मीटिंग बोलावली. म्हटलं, एक पूर्ण टँकर एका सोसायटीत रिकामा करा, पुढचा दुसरीत. निम्मं-निम्मं बंद. उज्वलाताई म्हणाल्या, "चालेल, पण पहिला पूर्ण टँकर कोणाला?" देवरे म्हणाले, "आम्हालाच, आम्ही वर आहोत." त्यावर जी जुंपली ती चहा गार होईपर्यंत. मी उठून घरी आले आणि भाजी फोडणीला टाकली.

खंडेराव मात्र खिडकीबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. माझं त्याला पटलं होतं की नाही, देव जाणे. निदान लायसनची भीती तरी पटली असावी.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी पहिली. निम्मं पाणी टाकून तो निघाला. मी भाजी आणायला त्याच वाटेने चालले होते. उतार सुरू होतो तिथे एका नव्या इमारतीचं काम चालू होतं, आणि सुरगाण्याकडून आलेली मजूर माणसं तिथेच झोपड्या घालून राहत होती. आमच्यासारख्यांची घरं ती बांधत होती; त्यांना प्यायला पाणी मात्र लांबच्या विहिरीवरून. खंडेरावने टँकर तिथे वळवला, पाइप त्यांच्या सिमेंटच्या हौदात सोडला आणि कॉक उघडला.

डोक्यावरची पाटी खाली ठेवून एक बाई धावत आली. भिमाबाई तिचं नाव, हे पुढे कळलं. "कोनाचं पानी रं दादा?"

"कोनाचंच नाय. भरा."

पुण्य वगैरे त्याच्या मनात काही नव्हतं, उगाच त्याला संत करायला नको. त्याला लायसन वाचवायचं होतं आणि पाणी रस्त्यावर सोडायची लाज वाटत होती, एवढंच. हौद भरला, भांडी भरली, टँकर कोरडा ठणठणीत झाला. मग तो रिकामी गाडी घेऊन उतरला. पिवळा लागला, लाल लागला, आणि टँकर पट्टीच्या हातभर मागे असा उभा राहिला की जणू रंगवलेला. संतोषने सलाम ठोकला. खंडेरावने मिशीवरून हात फिरवला.

तसाच तो खालच्या सोसायटीत गेला. बादल्या घेऊन उभ्या असलेल्या उज्वलाताईंनी विचारलं, "आमचं पाणी कुठे आहे?"

"तुमाला उष्टं नको व्हतं ना, ताई? म्हनून संपवून आलो."

संध्याकाळी धनराजने त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. लायसन मात्र त्याच्याच खिशात राहिलं. साळूबाईने डोकं बडवून घेतलं, आणि आठवडा उलटायच्या आत खंडेराव पुन्हा लासलगावच्या कांद्यावर, पुन्हा घरी पाहुणा.

वाटेत पाणी जातं म्हटल्यावर दोन्ही सोसायट्या घाबरल्या. वाटणीची गाडी नको, आपापला पूर्ण टँकर सील करून आणा, असं दोघांनी धनराजला कळवलं. मी जे सांगत होते, तेच. नवा ड्रायव्हर भरली गाडी घेऊन सावकाश उतरायचा आणि पट्टीच्या मागे थांबायचा. पिवळा अजून तसाच, डोळा मिटायच्या आत जाणारा.

एकदा देवरे जिन्यात भेटले. म्हणाले, "बघा मोहिनीताई, हा नवा माणूस सज्जन आहे. पीत नाही, त्यामुळे बरोबर थांबतो."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना चढू लागले.