ओळख पटायच्या आधी

पोरांनो, आमच्या घोडेगावात इंटरनेटचं काम बघणारे एक भाऊ आहेत. वायर दातांत धरून बोलतात आणि कायम यंत्राचीच बाजू घेतात.

"आजी, पलीकडच्या कॉम्प्युटरशी जुनी ओळख असली की फोन थांबत न्हाई," ते एकदा म्हणाले. "समोर तोच हाय का, हे पटायच्या आधीच पहिला निरोप धाडतो. समोरचा बदलला असला की लई पंचाईत! पण फोनची त्यात काय चूक?"

असल्या उतावळेपणाला मी हसले.

मध्यंतरी मी न्हाणीत पडले, तेव्हा त्यांनीच मला उठवलं. तुमच्या आईला कळलं असतं तर तिने मला पुण्याला हलवलं असतं, म्हणून मी त्यांना गप्प राहायला सांगितलं.

परवा त्यांची स्कूटर वाजली. मी आतूनच ओरडले, "भाऊ, त्या पडण्याचं कुणाला बोलला नाहीत ना?"

दारात तुमची आई! न कळवता आलेली. भाऊंनीच तिला एसटी स्टँडवरून आणलेलं.

"ताई, आमची म्हातारी पडली व्हती," भाऊ शांतपणे म्हणाले. "आजी तिचं इचारत्यात."

तुमच्या आईचा चेहरा निवळला. तेवढ्यात मीच कळवळून विचारलं, "अगं बाई! कधी हो?"

भाऊंनी डोळे मिटले. तुमची आई माझी बॅग शोधायला आत गेली.