केतकीचा फोटो

केतकी गेल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ म्हणाली, "फोटो लागेल रे तिचा, हार घालायला." डेंग्यूनं बघता बघता पोटची पोर नेली आणि माझी बहीण फोटोचं काय बोलतेय... मला तेव्हा रागच आला. आता महिना उलटल्यावर लिहायला बसलोय, तर तिथूनच सुरुवात करावी लागतेय.

माझी ही भाची देवळाली कॅम्पात वाढलेली, पुण्याला सिनेमाचा कॅमेरा शिकत होती. सुट्टीत नाशिकला माझ्याकडे आली की प्रयोग माझ्यावर. एकदा खिडकीशी बसवलं, मान वळव, पडदा सरकव, अर्धी सकाळ कुरडईसारखं उन्हात वाळत ठेवलं आणि म्हणाली, "मामा, आता ऊठ." मी उठलो, तर बाईसाहेबांनी तेव्हा कॅमेरा सुरू केला! "अगं, आधी माणूस तरी घे!" "माणूस उठला म्हणून लगेच जात नाही रे मामा. थोडा वेळ असतो तिथं." नंतर तिनं दाखवलं. चहाची वाफ, आणि खुर्चीतली दबलेली उशी सावकाश वर येतेय... खरं सांगतो, मला माझीच भीती वाटली. "यात माणूस कुठंय?" असं पुण्यात सरांनी विचारलं, तर ही म्हणे, "आत्ताच उठलाय, सर." वर्गात थट्टा झाली, पण पोरीनं हेका सोडला नाही.

अशा मुलीचा फोटो आणायचा कुठून? ती कायम कॅमेऱ्यामागं. फोनमधल्या फोटोंत चेहऱ्यासमोर आडवा हात. तेराव्याच्या आधी ताई आणि मी तिचा लॅपटॉप उघडून बसलो. खोल्याच खोल्या, सगळ्या रिकाम्या. शेवटचं चित्रण कॅम्पातल्या तिच्याच खोलीतलं, ताप यायच्या आदल्या दुपारचं. खिडकीपाशी स्टूल, त्यावर ऊन. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे त्यावरून उठली होती ती स्वतःच. चित्रणात मधेच तोफांच्या सरावाचा धडाका झाला, काचा थरथरल्या. ताईनं माझा हात घट्ट धरला.

"दचकली बघ," ती म्हणाली.

कॅम्पात वाढूनही केतकी तोफेला दचकायचीच. मी डोळे फाडून स्टुलाकडे पाहत राहिलो. "ताई, तिथं कोणी नाहीये गं." "तुला दिसत नसेल," ताई शांतपणे म्हणाली. "हाच फोटो कर." स्टुडिओवाल्यानं फोन करून विचारलं, "काका, चुकून रिकामी खोली पाठवली का?" म्हटलं, "नाही, तीच मोठी करा."

आता तो फोटो ताईच्या बाहेरच्या खोलीत आहे, हार घातलेला. भेटायला येणारी माणसं समोर उभी राहतात, हात जोडतात. फोटोत कोणी नाही, असं अजून एकानंही म्हटलेलं नाही. परवा शेजारच्या काकू बराच वेळ पाहत राहिल्या, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "किती हसरी आलीय हो..."

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.