आईशेजारची जागा

तीन वर्षं मी माझ्या बापापासून एक गोष्ट लपवली. चोरी नाही, लफडं नाही. लफड्याचं वय होतं तेव्हा मी सातवीच्या पोरांना व्याकरण शिकवत होते. मी फक्त आईच्या कबरेशेजारची, बाबांनी राखून ठेवलेली जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती.

लगेच नावं ठेवू नका, आधी ऐका. आम्ही दिग्रसचे ख्रिस्ती, घरं मोजकीच. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लग्न मी केलं नाही. का, ते विचारून विचारून लोक थकले, मी नाही थकले. आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तिला माती दिली त्याच आठवड्यात बाबा जिनिंगमधून दोन लोखंडी खुंट्या घेऊन आले आणि तिच्या उजव्या बाजूला ठोकून मोकळे झाले. "हे जागा आपली हाये, कोणाले देऊ नोका," एवढंच चर्चच्या मंडळीच्या पंचांना म्हणाले. पंचांनी ते कबरस्तानाच्या नकाशावर लिहून घेतलं, आणि पुढे तो नकाशा सांभाळायला माझ्याकडे आला, कारण अक्षर चांगलं.

तीन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आमचे पेटीवाले गेले. एकटा जीव, मागे कोणी नाही. चाळीस वर्षं दर रविवारी त्यांनी उपासनेत पेटी वाजवली आणि चाळीस वर्षं बाबांनी दात-ओठ खाल्ले. "हा माणूस पेटी नाई वाजवत, पेटी याले वाजवते," असं बाबा मोठ्यांदा म्हणत, आणि पेटीवाले मुद्दाम पट्टी वर चढवत. तर त्या दिवशी धो धो पाऊस, गवत गुडघाभर, आणि आमची काळी माती तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात चप्पल, दगड, खुंटी, जे सापडेल ते गिळते. आईचा क्रूस कलला म्हणून गवंड्याकडे दुरुस्तीला गेलेला. नकाशा भिजून लगदा झालेला. खांद्यावर शवपेटी घेऊन माणसं चिखलात उभी, आणि सगळे मलाच विचारतात, "ताई, जागा कोणती?" मी बोट दाखवलं. इथे, म्हटलं.

डिसेंबरात चिखल बसला, गवत वाळलं आणि पेटीवाल्यांच्या पायथ्याशी एका लोखंडी खुंटीनं डोकं वर काढलं. म्हटलं, बाप्पा रे, मेले मी! माझ्या आईशेजारी आता कायमचे पेटीवाले.

बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. त्यांचे गुडघे तेव्हापासूनच गेलेले, कबरस्तानात येणं बंद. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळे तिथे कबरांना चुना मारायला जमतो, मी घरी आले की ते पलंगावरून विचारत, "माह्या खुंट्या हायेत ना?" मी म्हणायची, "आहेत ना बाबा." खोटं कुठे बोलले? खुंट्या होत्याच.

यंदा मात्र डॉक्टरनं त्यांना चार पायांची काठी दिली. दोन दिवस अंगणात चालून पाहिलं आणि जाहीर केलं, "शनिवारी मी बी येतो चुना माराले." अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, ऐकतो कोणाचं? मी ऊन सांगितलं, धूळ सांगितली, ऑटो मिळत नाही सांगितलं. "काहून व, तुले एवढी चिंता कायची?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच जाऊन शनिवारचा ऑटो ठरवून आले.

त्याच गुरुवारी चर्चमध्ये अभ्यासवर्ग होता. आमचे पाळक तरुण आहेत, पुण्याकडचे, पुस्तकी बोलतात पण माणूस गोड. विषय होता, प्राचीन इस्राएली लोक आपल्या मेलेल्यांना कसे ठेवत. बाबा पहिल्या बाकावर, कानात यंत्र. पाळकांनी फळ्यावर चित्र काढलं. डोंगराच्या खडकात कोरलेली खोली, तीन बाजूंना दगडी ओटे. माणूस गेला की शक्यतो त्याच दिवशी त्याला आणून ओट्यावर निजवायचं, जवळ दिवा, मडकं, वाडगा ठेवायचा, आणि दाराला दगड लावायचा. वर्षा-दोन वर्षांनी फक्त हाडं उरली की ती गोळा करून ओट्याखालच्या खड्ड्यात ठेवायची, जिथे आजा-पणजा, आज्या, काका सगळे आधीपासून आहेत. ओटा पुढच्यासाठी मोकळा. "म्हणून ते लोक मेला असं नुसतं म्हणत नसत," पाळक म्हणाले, "आपल्या लोकांत जाऊन मिळाला, असं म्हणत. त्यांना मरणाचं भय कमी होतं, एकटं पडण्याचं जास्त. ज्याला आपल्या माणसांत जागा नाही, त्याच्यासारखा दुर्दैवी कोणी नाही."

"म्हणजे सासू-सून एकाच खड्ड्यात?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मंग कायची शांती! रोज भांडे वाजत असतीन."

सगळं चर्च हसलं. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. अहो, एकच खड्डा! आईच्याच कबरेत बाबांना ठेवता येईल की. शेजारची जागा गेली तर गेली, बाबांना आईपाशी जायला मिळाल्याशी मतलब. मी घरी येता येता मनात भाषणही तयार केलं.

शनिवारी सकाळी आठलाच ऊन कडक. ऑटोतून बाबा, मी, चुन्याची बादली, दोन ब्रश आणि चिवड्याचा डबा. कबरस्तानात निम्मी मंडळी आधीच कामाला लागलेली. पाळक बाह्या सरसावून चुना कालवत होते आणि सांगत होते की पुढच्या काळात ते इस्राएली लोकही सणाच्या आधी कबरांना असाच चुना मारत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दुरून दिसाव्यात म्हणून. कोणाचंच लक्ष नव्हतं. चिवडा उघडला होता.

बाबा काठी टेकत टेकत आईपाशी गेले. तिच्या क्रूसावरची धूळ तळहातानं पुसली. मग उजवीकडे वळले आणि पेटीवाल्यांचं नाव वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे काय व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं. पाऊस, लगदा झालेला नकाशा, तीन वर्षांचं गप्प राहणं. बासष्ट वर्षांची बाई मी, पण पाढे विसरलेल्या पोरीसारखी उभी होते. आणि लगेच भाषणही केलं. "बाबा, तुमचं काही अडत नाही. पाळकांनी सांगितलं ना परवा? तुम्ही आईच्याच कबरेत जा. मी पंचांशी बोलते."

बाबांचा चेहरा लाल झाला. "मले नोको शिकवू, मास्तरीणबाई! मी तं तिच्याच खड्ड्यात जाणार होतो. पंचायले तवाच सांगून ठेवलं व्हतं. वीस वर्षं झाले का जुनी कबर घरच्यासाठी उघडून देतात."

"मग त्या खुंट्या?"

"तुह्यासाठी ठोकल्या व्हत्या!" ते एवढ्या जोरात ओरडले की चिवडा खाणारे हात थांबले. मग आवाज खाली आला. "तुले ना नवरा, ना लेकरू. आमच्या मांगं तुले कोण्या कोपऱ्यात टाकतीन, काय भरवसा? म्हणून मायच्या बाजूले धरून ठेवली व्हती जागा. अन् तू ते त्या पेटीवाल्याले देऊन बसली."

तीन वर्षं मी बाबांच्या जागेसाठी जीव जाळला, आणि ती माझी होती. मी मास्तरीण झाले, म्हातारी झाले, सगळ्यांची नावं नकाशावर सुंदर अक्षरात लिहिली. माझं कुठे लिहायचं, हा विचार कधी शिवला नाही. तो त्यांनी एकोणीस वर्षं केला होता. मी तिथेच, चुन्याच्या हातांनी, भोकाड पसरलं. डोळ्यांत चुना गेला तो वेगळाच.

पाळक पाणी घेऊन धावत आले. बाबांनी त्यांनाच धरलं. "पाळकसाहेब, तुमच्या त्या इस्राएली खड्ड्यात तिसऱ्याले जागा राहे का?"

"तिसऱ्याला, दहाव्याला, सगळ्यांना," पाळक म्हणाले. "पंचांना मी विचारतो, पण नाही म्हणायचं कारण दिसत नाही."

झालं. बाबांनी काठीनं आईच्या कबरेची लांबी-रुंदी मोजली, फिटरची सवय. मग माझ्या हातातला ब्रश ओढून घेतला आणि आईची सोडून आधी पेटीवाल्यांच्या कबरेला चुना मारायला लागले. "आता हा बी शेजारी झाला," ते पुटपुटले, "पण तिकडं पेटी काढली तं मी उठून येईन, सांगून ठेवतो." मी हसत होते आणि रडतही होते, लोकांना कळेना काय चाललंय.

परतताना ऑटोत मी, भिजलेल्याच्या जागी काढलेला नवा नकाशा मांडीवर घेऊन आईच्या चौकोनात लिहिलं, आई, बाबा, मी. जिनिंगच्या क्वार्टरमध्ये आम्हाला एकच खोली होती, एकच सतरंजी, तिघं एका रांगेत. बाबांनी वाकून पाहिलं आणि बोटानं माझी ओळ खोडायला लावली.

"शेवटी काहून लिहिलं? मधात लिही. तू येशीन सगळ्यात उशिरा, पण मधातच घुसशीन. लहानपणी बी तसंच करे."