आज भोंगा वाजलाच नव्हता

मंडळी, गावच्या शाळेत बसून हे लिहितेय.

मुरबाडजवळच्या आमच्या गावामागचा डोंगर फोडून दगड समुद्रकिनारी जातो. पाणी वाढतंय म्हणून तिकडे संरक्षक भिंत बांधतायत. खदानीत रोज दुपारी भोंगा वाजतो, मग सुरुंग उडतो. भोंगा ऐकला की आम्ही बायका फळीवरची भांडी खाली उतरवतो. आता त्याचं काही वाटतही नाही.

आज जेवताना जमीन हलली आणि फळीवरून तांब्या पडला. "सुरुंग असंल गो, पावसात भोंगा ऐकू आला नसंल. जेव तू," सासूबाई म्हणाल्या. मीही तांब्या उचलून जागेवर ठेवला. शेजारूनही कोणी बाहेर आलं नाही.

नवरा त्याच खदानीवर डंपर चालवतो. तो ताटावरून उठला. "पावसामुळं आज खदान बंद हाय. म्हणून तर मी घरी हाय."

आम्ही बाहेर धावलो. डोंगराची एक बाजू खाली उतरली होती. आमचा गोठा दिसतच नव्हता. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली.

आता सगळं गाव शाळेत बसलंय. किनाऱ्यावरच्या लोकांच्या दारात समुद्र येतोय, त्यांना भिंत हवीच. पण ती आखताना दगड कुठून येणार आणि त्या डोंगराखाली कोण राहतं, हे कोणी बघितलं होतं का?

सासूबाई घरी चला म्हणतायत. उद्या पाऊस उघडला की खदान पुन्हा सुरू होईल. मग भांडी हलली तर आम्ही पळायचं की जेवत बसायचं?