बाकावरचा मदतकक्ष

मंदीत आमच्या यजमानांची नोकरी गेली, ते आम्ही कोणालाच सांगितलं नाही. शारजात अल मजाजला राहायचो, बिल्डिंगमध्ये निम्मी मराठी माणसं, तरी नाही. व्हिसाच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना दुसरीकडे काम मिळालं, पगार कमी, पण व्हिसा टिकला. आम्ही गप्पच राहिलो.

तेवढ्यात आमच्या मंडळाने नोकरी गेलेल्यांसाठी मदतकक्ष काढला. कक्ष म्हणजे काय, तर शुक्रवारी हॉलमध्ये एक टेबल आणि त्यावर चार पानी फॉर्म. पहिलाच रकाना, कंपनीचं नाव आणि सध्याचा हुद्दा. आता सांगा, तिथे माणसाने लिहायचं काय? बरं, त्याच वेळी शेजारी मुलांचा मराठीचा वर्ग, म्हणजे दारात सगळे ओळखीचे आईबाप उभे. तीन शुक्रवार गेले, एक माणूस फिरकला नाही. अध्यक्षांनी निष्कर्ष काढला की लोकांना गरजच नाही.

गरज तर माझ्या खालच्याच मजल्यावर होती. वसईची ख्रिस्ती मुलगी, हॉटेलात रिसेप्शनला. तिच्या नवऱ्याला हमरियातल्या कंपनीने काढलं होतं. व्हिसा रद्द झाल्यापासून तीस दिवसांत नवी नोकरी, नाहीतर परत जायचं. त्यातले बारा दिवस संपले होते. आणि हा बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि लगूनच्या काठी बाकावर जाऊन बसायचा. मी तिला म्हटलं, अगं, मंडळाकडे माणसं हवी असलेल्या कंपन्यांची यादी आहे, पाठव त्याला. तर ती म्हणाली, "आंटी, त्या टेबलावर त्याचाच मॅनेजर बसतो."

मग मी तिला आणि यजमानांना घेऊन सरळ समितीच्या बैठकीला गेले. म्हटलं, कक्ष कसा चालवायचा ते हिला विचारा. अध्यक्षांनी मला समजावलं की समितीत अनुभवी माणसं आहेत, वहिनींनी काळजी करू नये.

"अनुभव कशाचा, भाऊ? माणसं कामावर ठेवण्याचा आणि काढण्याचा. काढलं जाण्याचा आमच्या घरात आहे."

बोलून गेले. यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण उठून गेले नाहीत.

आता ऐकताहेत म्हटल्यावर मी माझी युक्ती काढली. संक्रांत जवळ आलीय, घरोघरी हळदीकुंकू करू, बायका येतील, बोलतील. मला वाटलं, काय सुचलंय! ती हसायलाच लागली. म्हणाली, "आंटी, मला कोण बोलावणार हळदीकुंकवाला? आणि माझ्या नवऱ्याला?" खरंच की. मीसुद्धा टेबलच मांडत होते, फक्त माझ्या घरात.

तिचं म्हणणं सोपं होतं. माणसं जिथे बसतात तिथे जा, नाव विचारू नका, आणि ज्याची स्वतःची नोकरी गेली होती असाच माणूस पाठवा. मॅनेजर नको. त्यावर बराच वाद झाला. फॉर्मशिवाय रेकॉर्ड कसं ठेवायचं, म्हणे. शेवटी मी म्हटलं, रेकॉर्ड माझ्या डोक्यात राहील, तुम्ही यादी द्या. दिली एकदाची.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी नव्या ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढली. हातात चहाचा थर्मास, खिशात यादी. मी जरा लांबच्या बाकावर, ऐकू येईल इतपत, विणकाम घेऊन. त्यांनी तिच्या नवऱ्याला कप दिला आणि आपलंच सांगत राहिले, कोणत्या दिवशी काढलं, घरी काय सांगितलं, किती दिवस असेच शर्ट घालून बाहेर पडत होते. तो पाण्याकडे बघत होता. मग त्याने मांडीवरची बॅग खाली ठेवली.

"काका, तुम्हाला कितव्या दिवशी मिळाली?"

"सव्विसाव्या. तुझा आज चौदावा. ही घे यादी. यल्ला, चल, फोन काढ."

आणि त्याने काढला.