कमलताईंनी बंद पाडलेला पुकारा

कमलताई गेल्या हे मला वर्धेलगतच्या आमच्या सिंदी मेघेच्या रेशन दुकानाच्या रांगेत कळलं. पुढे उभ्या असलेल्या मास्तरांनी मागे वळून विचारलं, "तुमच्या त्या बुधवारवाल्या बाई गेल्या म्हणे?" मी रांग सोडून तसाच घरी आलो. बायको म्हणाली, "साखर काऊन नाई आणली?" मी रिकामी पिशवी खुंटीला टांगली. त्याला आता सहा आठवडे होत आले.

बुधवारवाल्या, कारण वर्धेला लहान मुलांचं कोर्ट बुधवारी दुपारी भरायचं. मी तिथला कारकून. मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या शेजारी एक मानद सदस्य बसत, त्या ह्या कमलताई वैरागडे. एरवी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "उमाटेभाऊ, दुसऱ्या देशात लेकराईचं कोर्ट कसं चालते हो?" मी म्हटलं, "बाई, मले हिंगणघाटच्या पुढचं काही माहीत नाई." त्या हसल्या नाहीत. वही काढून प्रश्न लिहून ठेवला. ही बाई आपल्या डोक्याला ताप देणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

सेवाग्रामला परदेशी पाहुणे नेहमीच येत. लोक त्यांना आश्रम दाखवत, ताई मात्र सायकलवर जाऊन त्यांना गाठत आणि विचारत, तुमच्या गावात बारा वर्षांच्या पोरानं चोरी केली तर तुम्ही त्याचं काय करता? नॉर्वेची एक मास्तरीण म्हणाली, आमच्याकडे एवढ्या लहान मुलाला कोर्टात नेतच नाहीत, गावची समिती आईबापांना घेऊन बसते. स्कॉटलंडच्या माणसानं सांगितलं, एका टेबलाभोवती तीन साधे नागरिक बसतात आणि मुलाशी बोलतात. जपानी पाहुणा म्हणाला, निकालाआधी कोर्टाचा माणूस मुलाचं घर आणि शाळा पाहून येतो. इंग्लंडच्या बाईंनी सांगितलं की पेपरात मुलाचं नाव छापता येत नाही. हे सगळं मला खूळ वाटायचं. तिकडे बर्फ पडतो, इकडे मे महिन्यात कौलं तापतात, तिकडचं इकडे काय चालणार? मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, "लेकरू तर दोन्हीकडे लेकरूच राह्यते ना, भाऊ?"

पण त्यांना खरा घोर लावला तो एका अमेरिकन वकिलानं. तो म्हणाला, आमच्याकडेही मुलांच्या कोर्टात फार माया होती. जज बापासारखा बोलायचा, वकिलाची गरज काय म्हणायचा, आणि मोठ्या माणसाला जिथं किरकोळ दंड झाला असता तिथं पोराला त्याच्या भल्यासाठी म्हणून वर्षानुवर्षं डांबायचा. शेवटी वरच्या कोर्टाला सांगावं लागलं, मुलालाही वकील द्या. पुढच्या बुधवारी ताई मला म्हणाल्या, "मायाही तपासून पाह्यली पाह्यजे, भाऊ."

एवढ्या सगळ्यातून त्यांनी साहेबांकडे आधी एकच गोष्ट मागितली. शिपाई व्हरांड्यात उभा राहून मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव असा खणखणीत पुकारा करायचा, तो बंद करा. शिपायानं बाकापाशी जाऊन मुलाला हळूच आत आणावं. साहेब "बरं, पाहू करून" म्हणाले आणि पुकारा थांबला.

आणीबाणी उठली त्या सुमारास सिंदी रेल्वे ह्या दुसऱ्या, लांबच्या सिंदीची एक तेरा वर्षांची पोरगी आली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाला टेकवलेली सायकल घेऊन ती सेलूला मावशीकडे गेली होती आणि दोन रात्री तिथंच राहिली. ताईंनी विचारलं, "काऊन नेली व माय?" ती म्हणाली, "चालवून पाह्याची होती." नेमका त्या दिवशी शिपाई रजेवर होता. तिला आत आणायला मी गेलो, आणि वीस वर्षं ऐकून अंगवळणी पडलेल्या सवयीनं व्हरांड्यात उभा राहून पुकारा केला. नाव, बाप, गाव, तालुका. दुसऱ्या एका दाव्यासाठी आलेली सिंदीची सात-आठ माणसं तिथंच बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

आठवड्याभरात शाळेनं तिला घरी बसवलं. पुढच्या बुधवारी साहेब म्हणाले, "शाळा घेत नाही, गाव बोलतंय. अठरा वर्षांची होईपर्यंत नागपूरच्या संस्थेत राहू द्या, तिचं भलंच होईल." तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, मले माही पोरगी पाह्यजे." मी मान खाली घालून तारखांची वही चाळू लागलो. ताईंनी एक महिना मागून घेतला. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "शनिवारी पॅसेंजरनं सिंदीले जायचं हाये. तुम्ही येजा."

मी गेलो. हेडमास्तर म्हणाले, "बाकीच्या मुलींचे आईबाप काय म्हणतील?" ताई म्हणाल्या, "नावं द्या, आम्ही विचारून येतो." आणि खरंच निघाल्या. चार शनिवार आम्ही घरोघरी फिरलो. प्रत्येक ओसरीवर ताई मला पुढे करायच्या आणि मी सांगायचो, ते नाव कोणाच्या कानावर पडायला नको होतं, मी चुकलो. एकानं दार लावून घेतलं. ताई पायरीवर बसून राहिल्या, तासाभरानं त्याच्याच बायकोनं पाणी आणलं. मी वैतागून म्हटलं, "ताई, नॉर्वेत असं करतात का?" त्या म्हणाल्या, "तिथं तुम्ही नाई ना." चौथ्या शनिवारी हेडमास्तरांनी पोरीला वर्गात बसवलं. साहेबांनी समज देऊन तिला आईच्या हवाली केलं. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत एकाही बुधवारी पुकारा झाला नाही.

ताईंच्या तेराव्याला त्यांच्या पुढच्या खोलीत पुष्कळ माणसं जमली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई नवऱ्याबरोबर आली, फोटोला हात जोडून भिंतीशी बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला ओळखलं, मीही तिला ओळखलं होतंच. माझ्या शेजारच्या गृहस्थानं वाकून विचारलं, "ह्या कोण हो? ओळखीच्या दिसतात." तिचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका मला आजही पाठ आहे. ती ऐकत होती. मी म्हटलं, "नाई जी, मी काही ओळखत नाई."